छावणीतला सराव पाठ

माझ्याकडे एक मरून रंगाचा स्वेटर आहे, पुढून बटणांचा. तो मी ऐन वैशाखात परळीच्या बाजारात घेतला होता. दुकानदाराने माळ्यावरून गठ्ठा खाली काढताना माझ्याकडे आणि आत्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "कुनी आजारी हाय का घरात?" आत्या परळीचीच, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. ती म्हणाली, "आजारी कावून आसंल? भाची आफ्रिकेला चाललीय." तो माणूस गठ्ठा हातात धरून तसाच उभा राहिला. आफ्रिका आणि स्वेटर या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकत्र बसेनात. खरं सांगायचं तर माझ्याही बसत नव्हत्या. स्वेटर झटकला तेव्हा त्यातून बारीक राख उडाली. परळीत कुठलीही वस्तू चार दिवस पडून राहिली की वीज केंद्राची राख तिच्यावर बसतेच.

आता तो स्वेटर माय वापरते. यंदा पुन्हा दुष्काळ, आणि पुन्हा आमच्याकडे जनावरांची चारा छावणी उभी राहिली आहे. आमचं गाव नांदूरघाटच्या पुढे, माळावरचं. मी पाटोद्यात शाळेत नोकरीला असते आणि रविवारी गावी जाते. माघातल्या सकाळच्या गारठ्यात माय लुगड्यावर तो स्वेटर चढवून, बादली घेऊन छावणीकडे निघते. मी मागून चालत असते. हिरव्या जाळ्या लांबूनच दिसतात, आणि त्याआधी वास येतो. तोडलेल्या उसाचा गोडसर, शेणाचा उबट, भिजलेल्या गोणपाटाचा, सगळा एकात एक मिसळलेला. हा वास नाकात गेला की मला इतर काही आठवायच्या आधी एक हात आठवतो. खांबाजवळ बसलेल्या एका पोरीचा वर केलेला डावा हात.

आठ-नऊ वर्षांमागे अशीच छावणी पडली, त्या वर्षी मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या जाधव मॅडमच्या ओळखीने नैरोबीच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेतून पत्र आलं होतं. ती शाळा दर वर्षी बाहेरच्या देशांतले एक-दोन छात्रशिक्षक सरावासाठी बोलावून घ्यायची. मॅडमनी माझं नाव सुचवलं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. फॉरेन म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे लंडन-अमेरिका, त्यामुळे नैरोबी कुठे हे कळल्यावर कौतुकाची हवा थोडी कमी झाली. दूध संस्थेच्या ओट्यावर बसलेल्या चेअरमनना कुणीतरी विचारलं, "तितं शाळा हायेत का वो?" चेअरमन म्हणाले, "हायेत म्हनून तर बोलावलंय ना." पत्रात लिहिलं होतं, जून-जुलैत इथे थंडी असते, उबदार कपडे आणा. आमच्यातल्या कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. त्यांच्याबद्दल आम्हाला जितकं माहीत होतं तितकंच त्यांना आमच्याबद्दल असणार, हा विचार तेव्हा मला दिलासा द्यायचा.

पण जाण्याआधी एक अट होती. खऱ्या वर्गात घेतलेला एक पाठ, निदान वीस मुलांसमोर, अर्धा तास, मध्ये कुठेही न कापता चित्रित करून पाठवायचा. तो पाहून, बोलून ते ठरवणार. मला जायचं होतं. किती जायचं होतं हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण रोज वर्गात शिरताना मी मनातल्या मनात इंग्रजीत "गुड मॉर्निंग" म्हणून बघायची.

आणि वर्गात पोरंच नव्हती. माझी सराव शाळा म्हणजे गावातलीच प्राथमिक शाळा. चौथीच्या हजेरीपटावर नावं भरपूर, पण विहिरी दिवाळीतच तळाला गेल्या होत्या आणि त्या वर्षी ऊसतोडीला दुप्पट माणसं बाहेर पडली होती. आमच्या भागातल्या साखर कारखान्याला ऊसच नव्हता, म्हणून माणसं थेट कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत गेलेली. हजेरी घेताना एखादं नाव पुकारलं की उरलेली पोरं एका सुरात सांगायची, "कारखान्याला." त्यात खंत नसायची. पोरांच्या लेखी कारखान्याला असणं म्हणजे गैरहजर असणं नव्हतंच. मी पटावर खुणा करत जायची आणि शेवटी वर्गाकडे पाहिलं की मोकळ्या सतरंज्याच जास्त दिसायच्या.

"छावनीत पोरं हायेत की ढीगभर," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी. सगळी नोकरी केज तालुक्यात काढलेली. त्यांचं खरं होतं. छावणी दूध संस्थेने घातली होती, पाच-सहा गावांची जनावरं तिथे दावणीला होती आणि जनावरांमागे त्यांची माणसंही तिथेच राहत होती. ज्या घरांतले कर्ते ऊसतोडीला गेलेले, त्यांच्याकडून म्हातारी माणसं आणि पोरं आलेली. आमची एक गाय, एक म्हैस घेऊन मायही तिथेच होती. संस्थेची दूध गोळा करायची पत्र्याची शेड रिकामी पडली होती, कारण दूधच आटलेलं. उपडे घातलेले कॅन एका कडेला सरकवून चेअरमननी आम्हाला शेड दिली. भिंतीवर संस्थेचा फळा होता. वर रंगाने लिहिलेलं "फॅट" काही पुसलं जाईना, तेव्हा मी त्याच्या खालीच "अपूर्णांक" असं लिहिलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी पोरं शेडमध्ये बसवली. मी कोपऱ्यात कार्डशीटवर वर्तुळं कापत होते. शाळेच्या तपासणीला साहेब येणार असले की आप्पांची एक ठरलेली रीत असायची. प्रत्येक पोराला झटपट एक-दोन प्रश्न विचारायचे आणि त्याला एका बाजूला टाकायचं. "तू उजव्यात. तू उजव्यात. तू डाव्यात." मग सगळ्यांना समजावून सांगायचं, "प्रश्न इचारला की हात समद्यांनी वर करायचा. येतंय त्यानं उजवा, येत न्हाई त्यानं डावा. मॅडम उजव्यालाच उठवतील. डाव्याला कुनी काई इचारनार न्हाई, भ्यायचं न्हाई." पोरांना खेळ आवडला. दोन वेळा रंगीत तालीम झाली. पाहणाऱ्याला वाटावं, अख्ख्या वर्गाला सगळं येतंय.

मी हे ऐकत होते. मी डी.एड.ची विद्यार्थिनी होते, बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. मी उठून "आप्पा, हे नको" म्हणू शकले असते. म्हणाले नाही. उलट मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

डाव्यात गेलेल्यांत एक कोमल होती. पिवळा फ्रॉक, केस राखट झालेले. आईबाप कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले, ही आज्यापाशी एका गायीच्या राखणीला. मागची दोन वर्षं तीही थळावर, ऊसतोडीच्या तळावर, जायची, म्हणून शाळा अर्धीच झालेली. आप्पांनी तिला पाव म्हणजे किती विचारलं. ती आप्पांच्या चपलांकडे बघत राहिली. आप्पा म्हणाले, "डाव्यात," आणि पुढच्याकडे वळले. एवढ्याला कितीसा वेळ लागला असेल? मी एक वर्तुळही कापून संपवलं नव्हतं.

पाठ उत्तम झाला. शैक्षणिक साहित्य म्हणून मी छावणीतलाच एक ऊस घेतला होता, आठ पेरांचा. पेरं मोजायला लावली, मधोमध कापला, चार-चार करून दाखवला. अर्धा किती, पाव किती. प्रत्येक प्रश्नाला शेडभर हातच हात. बाहेर गुरं हंबरत होती, टँकरचा हॉर्न वाजला तरी एका पोराने मान वळवली नाही. मी उजवे हात निवडत गेले, उत्तरं खणखणीत आली. मोबाईल धरून उभा असलेला माझा वर्गमित्र नंतर म्हणाला, "तू गेलीस बघ नैरोबीला." मी हुरळून गेले.

छावणीमागच्या टेकाडावर तेवढी रेंज यायची. दहा-बारा दिवसांनी तिथेच उभी राहून मी नैरोबीशी बोलले, दुपारची, डोक्यावर पदर घेऊन. त्या शाळेत छात्रशिक्षकांचं काम पाहणाऱ्या वांजिरू मॅडम म्हणून होत्या. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून बोलायच्या, बहुधा माझ्यासाठी. पाठ आवडला म्हणाल्या. उसाची कल्पना आवडली. मग म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. खांबाजवळ एक मुलगी आहे, पिवळ्या फ्रॉकमधली. पूर्ण अर्धा तास तिचा हात वर आहे. हात दुखला की ती दुसऱ्या हाताने त्याला आधार देते, पण खाली घेत नाही. तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत. असं का?"

दिसली नाही म्हणता आलं असतं. वेळ पुरला नाही म्हणता आलं असतं. पण मी खरं ते सांगून टाकलं, उजवं-डावं सगळं. धाडस होतं असं नाही. इंग्रजीत खोटं रचायला मला वेळ लागायचा, आणि पलीकडची बाई वाट बघत होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "उद्या त्या मुलीला विचारा. ती काय म्हणते ते मला लिहून पाठवा. मग तुमच्या येण्याबद्दल बोलू." रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

टेकाडावरून उतरले तेव्हा आप्पा आणि माय दावणीपाशीच होते. मी आप्पांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. तुमच्यामुळे झालं, असं मी म्हणाले, जे अर्धंच खरं होतं. आप्पा खाली बघून म्हणाले, "वर्षातून एक दिस यायचा साहेब. पोरांची आब्रू ऱ्हावी म्हनून करायचो. एका दिसाचं तर व्हतं."

माय म्हशीपुढे वाढे, उसाचे हिरवे शेंडे, टाकत होती. तिने हातातली पेंढी खाली ठेवली नाही की आमच्याकडे वळून पाहिलं नाही. म्हणाली, "एका दिसाचं न्हाई ऱ्हात ते. आमच्या गावच्या गुर्जींचीबी हीच रीत व्हती. मी चौथीपत्तर डाव्यात व्हते." एवढंच म्हणाली आणि गाईकडे गेली. माय चौथी शिकली आहे हे मला माहीत होतं. पण कुठलाही कागद समोर आला की "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून ती तो आप्पांकडे सरकवायची, आणि आम्ही सगळे तिला न कळणारी असं धरूनच मोठे झालो होतो. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. मीही त्यांच्याशी नीट बोलले नाही. आज वाटतं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी जे दिलं तेच त्यांनी पुढे दिलं होतं, आणि मी तर डोळ्यांनी बघून गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोमलकडे गेले. ती आपल्या गाईपुढे बसून कोयत्याने ऊस तोडत होती. दहा वर्षांच्या हाताला तो कोयता इतका सरावलेला होता की बघताना भीती वाटत नव्हती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "कोमल, त्या दिवशीच्या पाठातलं एक विचारू?"

तिचा हात थांबला. "मला कावून इचारता?"

"तुझा हात वर होता ना."

"डावा व्हता," ती म्हणाली. "आप्पा गुर्जी म्हनले व्हते, डाव्याला इचारनार न्हाईत." तिच्या आवाजात तक्रार होती. ठरलेलं मी मोडत होते. तिच्या दृष्टीने तिने तिचं काम चोख केलं होतं, अर्धा तास हात खाली घेतला नव्हता, आणि आता ही मॅडम येऊन कबूल केलेलं मोडतेय. तिने पाठ फिरवली. मी तिच्या ढिगातले ऊस उचलून तिला देत राहिले. ती तोडत राहिली. टँकर आला, बायांची रांग लागली, पाणी भरून झालं, रांग मोडली. मला वाटलं, आता ही बोलणार नाही आणि मी लिहिणार काय?

मग तीच म्हणाली, माझ्याकडे न बघता. "त्यो आर्धा न्हवता."

"कुठला?"

"तुमी दावला त्यो. आडवा कापलेला."

"का बरं? आठ पेरं होती. चार इकडे, चार तिकडे."

"बुडख्याची चार गोड आसत्यात. शेंड्याची पानचट. माज्या भावाला शेंड्याकडचा दिला की त्यो रडतो. आर्धा दिला म्हनलं तर गप बसंल का?"

"मग तू कसा करतेस अर्धा?"

तिने ढिगातला एक ऊस घेतला, बुडख्याकडून उभा धरला आणि कोयत्याची धार मधोमध बसवून वरून लाकडाच्या टिपरूने ठोकलं. ऊस शेंड्यापर्यंत उभा चिरत गेला. दोन लांब फाळ्या झाल्या, दोन्हींना बुडखा होता आणि दोन्हींना शेंडा. तिने एक माझ्याकडे केली. "ह्यो आर्धा," ती म्हणाली.

मी ती फाळी हातात धरून बसून राहिले. आठ पानी पाठ टाचण लिहिलं होतं मी. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, अपेक्षित प्रतिसाद, सगळं रकान्यांत. अपूर्णांकाचे भाग समान असावे लागतात हे त्यात ठळक लिहिलं होतं. समान म्हणजे कशाने समान, हा प्रश्न मला पडला नव्हता आणि उजव्या हातांपैकी कुणालाच पडला नव्हता. मला फार लाज वाटली आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी आनंदही झाला. शिक्षक व्हायचं असेल तर हे ऐकायला व्हायचं, असं काहीतरी तेव्हा वाटलं. त्या दुपारी मी कोमलचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आणि खाली इंग्रजी केलं. पानचट या शब्दाला इंग्रजी सापडेना, म्हणून तो तसाच ठेवला.

चार दिवसांनी उत्तर आलं. या, असं होतं त्यात, आणि वर्गातल्या मुलांच्या नावांची यादी. येण्यापूर्वी नावं नीट म्हणता यायला हवीत, अशी सूचना होती. मग छावणीत माझा वेगळाच सराव सुरू झाला. म्वांगी, ओटिएनो, अकिनी. मी दावणीपाशी बसून म्हणायची आणि पाण्याच्या रांगेतल्या बाया दुरुस्त करायच्या, जणू त्यांच्या माहेरचीच पोरं. पासपोर्टच्या पडताळणीला हवालदार आले तर घराला कुलूप. ते विचारत विचारत छावणीत पोचले आणि गायीच्या शेजारी बाजेवर बसून त्यांनी माझी चौकशी केली. "राहता कुठं?" त्यांनी विचारलं. माय म्हणाली, "सद्या हितंच, दादा. पाच नंबरच्या ओळीत." त्यांनी ते लिहिलं की नाही मला माहीत नाही.

आप्पा रोज दुपारी शेडमध्ये जायला लागले. मला सांगून नाही. एकदा डोकावले तर समोर डाव्यातलीच पोरं बसलेली आणि आप्पा खाली सतरंजीवर. प्रश्न विचारून ते थांबत होते. थांबणं त्यांना जमत नव्हतं, गुडघ्यावर बोटं वाजत होती, पण ते थांबत होते.

नैरोबीत खरंच थंडी होती. स्वेटर रोज अंगात असायचा. पहिल्याच आठवड्यात मी बाजारातून ऊस आणला. तो तिकडेही मिळतो, रस्त्याकडेला गाडीवर, आपल्याकडे मिळतो तसाच. वर्गात अर्धा करायला सांगितला. पोरांनी आधी आडवाच कापला. मी थांबले. मागे बसलेल्या, हात वर न केलेल्या अकिनीकडे बघत थांबले. त्या थांबण्यात मला कोमलची पाठ दिसत होती. वांजिरू मॅडम मागच्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत होत्या आणि त्यांनीही मला पुढे चला म्हटलं नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गात हात वर करायची पद्धत नाही. मी नाव घेऊन विचारते आणि थांबते. तपासणीला आलेल्यांना माझा वर्ग जरा ढिला वाटतो. कोमल आता अंबाजोगाईला नर्सिंग शिकते, अधूनमधून फोन करते. हे सगळं मी आमच्या शाळेत सरावाला येणाऱ्या छात्रशिक्षकांना सांगते, हौसेने सांगते, डाव्या हातांना विचारा म्हणून.

आणि गेल्या रविवारी मायच्या मागे छावणीत चालताना मला एकदम काहीतरी खटकलं. ती पुढे होती, स्वेटरची कोपरं विरलेली, उजव्या हातात बादली. गाईपुढे तिने वाढे टाकले. मी बाजूला बसले.

"माय," मी म्हटलं, "तू चौथीत डाव्यात होतीस म्हणालीस. गुरुजी विचारायचे त्यातलं तुला काहीच यायचं नाही का?"

माय गाईच्या पाठीवरून हात फिरवत होती. हात थांबला नाही.

"यायचं की," ती म्हणाली. "समदं यायचं."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं.

"इचारलं कुनी? तू आज इचारतीस."